साडेपाच तासांचे अंतर

रविवार, रात्री ११

ग्रंथालयाच्या वेब ॲपसाठी आठवडाभर उभारत असलेली सीआय-सीडी पाइपलाइन (नवा कोड आपोआप तपासून सर्व्हरपर्यंत नेणारी साखळी) आज शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचली. आजवर नवा कोड सर्व्हरवर चढवायचा म्हणजे मी रात्री लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर जाण्याच्या सुरक्षित मार्गाने) आत शिरायचो, गिट पुल करायचो, म्हणजे नवा कोड तिथे ओढून घ्यायचो, डेटाबेसमधले बदल हाताने चालवायचो आणि ॲप पुन्हा सुरू करून बराच वेळ लॉग पाहत बसायचो. यातली एखादी पायरी राहून गेली की सकाळी ग्रंथपालांचा फोन ठरलेलाच. हे काम माझ्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहू नये, एवढ्यासाठी गिटहब ॲक्शन्सवर (कोड साठवणाऱ्या गिटहबच्या, कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेवर) हे सारे उभे केले.

मुख्य शाखेत कोड आला की उबुंटूचे कोरे आभासी मशीन सुरू होते, ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा ॲपला लागणाऱ्या पॅकेजांच्या लॉक फाइलमध्ये नोंदलेल्या नेमक्या आवृत्त्या बसवते, शेजारी पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर उभा राहतो, आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या तरच डॉकर इमेज, म्हणजे ॲपचा चालवायला तयार गठ्ठा, तयार होते. क्लाउडची कायमची किल्ली गिटहबच्या सिक्रेट्समध्ये (गुप्त माहितीच्या कप्प्यात) ठेवायचे मी टाळले. ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीमुळे प्रत्येक वेळी थोड्या वेळापुरतीच परवानगी मिळते. ते जमवण्यात दोन संध्याकाळी गेल्या, पण सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक ज्या डेटाबेसमध्ये आहेत, त्याच्यासाठी त्या जायलाच हव्या होत्या.

पहिल्या रनमध्ये एका फाइलच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ निघाला. विंडोजला तो फरक चालतो, लिनक्सला चालत नाही. नाव बदलले आणि पुढे गेलो.

दुसऱ्या रनमध्ये मात्र एक टेस्ट फेल झाली आणि तिने माझी दुपार घेतली. सभासदाने रात्री सव्वाबारा वाजता ऑनलाइन पुस्तकाची मुदत वाढवली, तर पुढचे पंधरा दिवस नव्या तारखेपासून मोजले जावेत, एवढेच ती तपासते. लॅपटॉपवर ती कायम पास होत असे. लॉगमध्ये लाल अक्षरांत दोन ओळी होत्या: अपेक्षित २६, मिळाले २५. मी कोड तीनदा वाचला, हातावर तारखा मोजल्या, आणि मग रनरच्या, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या त्या आभासी मशीनच्या, घड्याळाकडे लक्ष गेले. ते यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालते. आपल्याकडे ११ तारखेचे सव्वाबारा वाजलेले असताना तिथे १० तारखेची संध्याकाळ, पावणेसात, चालू असते. आणि माझा कोड ‘आजची तारीख’ ज्या मशीनवर चालतो, त्या मशीनलाच विचारत होता.

टीझेड हे मशीनचे वेळक्षेत्र ठरवणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एशिया/कोलकाता असे लिहिले की रन लगेच हिरवा, म्हणजे पास, झाला असता. ती ओळ मी टाइपही केली होती. तेवढ्यात मनात आले की आपला खरा सर्व्हर मुंबई विभागात असला तरी त्याचे घड्याळही यूटीसीवरच आहे. म्हणजे चूक टेस्टमध्ये नव्हती. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत ज्यांनी मुदत वाढवली, त्यांचा एक दिवस आम्ही खात आलो होतो, आणि जो सभासद शेवटच्या दिवशी पुस्तक परत करायला आला, त्याच्याकडून विलंब दंडही घेतला होता. रक्कम किरकोळ आहे. पण वेळेत पुस्तक आणून देणाऱ्या माणसाला काउंटरवर ‘उशीर झाला’ असे ऐकावे लागले, हे मला फार लागले.

ती ओळ पुसली. तारीख काढणाऱ्या फंक्शनला वेळक्षेत्र स्पष्टपणे द्यायला लावले, आणि तीच टेस्ट यूटीसी व भारतीय वेळ अशा दोन्ही घड्याळांवर चालेल अशी मॅट्रिक्स लावली. आता दोन्ही हिरव्या आहेत. नोंदींच्या वेळा डेटाबेसमध्ये वेळक्षेत्रासह साठवलेल्या असल्यामुळे जुन्या तारखा पुन्हा मोजता आल्या, आणि चुकीचा दंड घेतलेल्या सभासदांची यादी तयार झाली.

डिप्लॉयची, म्हणजे कोड खऱ्या सर्व्हरवर चढवण्याची, शेवटची पायरी मी मुद्दाम हाताने सुरू करण्यासाठी ठेवली आहे आणि आज ती सुरू केलेली नाही. उद्या ग्रंथालय उघडण्याआधी ग्रंथपालांना यादी दाखवीन, दंड परत कसा करायचा ते त्यांच्याशी ठरवीन, आणि मग त्यांच्यासमोरच ते बटण दाबीन.