डाव्या हाताचं कौतुक

चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘डिलेड माइलस्टोन्स, साडेनऊ महिने, बसत नाही.’ म्हणजे वाढीचे टप्पे उशिरा. माझ्याकडे येणारी निम्मी बाळं असल्याच चिठ्ठीवर येतात. लिहिणाऱ्यानं बाळाला टेबलावर घेतलं की आईच्या कडेवरच पाहिलं, ते काही त्यावरून कळत नाही.

कुटुंब कामठीकडचं. आई, बाबा, आजी. लसीकरणाच्या कार्डामागे पिनेनं टाचलेलं डिस्चार्ज कार्ड, त्यावर गर्भाचे आठवडे 30. म्हणजे बाळ 10 आठवडे आधी आलेलं. तेवढे आजच्या वयातून वजा करायचे. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. साडेनऊचे सातच महिने राहिले. सात महिन्यांचं मूल पुढे हात टेकून बसलं तरी पुष्कळ, आणि हा तसा बसत होता. ऐकून आईच्या जिवात जीव आला. शेजारणीनं दिलेला वॉकर माळ्यावर टाकायला सांगितला. इथवर नेहमीचंच.

पण टेकला होता एकच हात, डावा. उजवा कोपरात दुमडून छातीशी, मूठ बंद, अंगठा आत.

‘‘आबाजीवर गेला जी,’’ आजी म्हणाली. ‘‘सगळं डाव्या हातानंच घेते. डावखोरा हाय.’’

त्या डाव्या हाताचे व्हिडिओ नातेवाइकांमध्ये फिरत होते. बसत नाही म्हणून रडायचे, आणि हे कौतुकानं दाखवायचे.

इंचभराचा लाल ठोकळा मधोमध धरला: डावा हात. उजवीकडे नेला: डावाच हात अंग ओलांडून आला. दुसरा ठोकळा पुढे केला तर पहिला टाकून त्याच हातानं दुसरा घेतला. या वयाची मुलं या हातातलं त्या हातात करत बसतात, ते इथे नाही. मग पातळ रुमाल तोंडावर टाकला आणि डावा हात हलकेच धरून ठेवला. ही तपासणी माझ्या आवडीची. बाळ चिडतं, आणि चिडलेलं बाळ काही लपवत नाही. उजवा हात खांद्यातून उठला, कोपर वाकलेलंच, मूठ गालावर घासली. रुमाल तसाच. उजवं पाऊल हळू वर वाकवलं तर वाकत होतं, झटक्यानं केलं की मध्येच अडकायचं, म्हणजे स्नायू ताठ. पालथं धरून डोकं गादीकडे झुकवल्यावर हात पुढे येतात की नाही, तेही पाहिलं; पण ते आठ-नऊ महिन्यांत पक्कं होतं, म्हणून त्यावर भर दिला नाही.

डावं-उजवं दीड-दोन वर्षांच्या आसपास दिसू लागतं. पहिल्या वाढदिवसाआधी मूल सारखं एकाच हातानं घेत असेल तर दुसरा हात तपासायचा, हे शिकवलं सगळ्यांनाच जातं. कार्डावर प्रत्येक लसीला वजन ग्रॅमपर्यंत नोंदलेलं. मूठ उघडून पाहायला दोन सेकंद लागतात.

डोक्याच्या सोनोग्राफीचा कागद फायलीत नव्हता. इतक्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊन एक बाजू मागे पडू शकते. एमआरआय लिहिला, मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. व्यायाम मात्र रिपोर्टसाठी थांबवत नाहीत. आईला तिथेच करायला लावलं. बोटांची टोकं ओढली की मूठ आणखी आवळते. आधी मनगट सावकाश तळव्याकडे वाकवायचं, बोटं सैल पडतात, मग अंगठा बुडापासून बाहेर घ्यायचा. उजवा वापरला जावा म्हणून डाव्या हातावर पातळ सुती मोजा, दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, तेही आई समोर बसून खेळत असताना. हात बांधायचा नाही. एरवी दोन हात लागतील असं काहीतरी: मोठा चेंडू, परात. खुळखुळा नेहमी उजवीकडून.

आजी गप्प होती. शेवटी म्हणाली, ‘‘म्हणजे आबाजीवर नाही गेला का जी?’’

‘‘ते आत्ता कळत नाही,’’ मी म्हटलं. ते खरंच होतं. तरी प्रश्न टाळल्यासारखं वाटलं, आणि अजून वाटतं. डावखुराही असेल तो. आबाजीही खरेच डावखुरे होते.

तिनं हातातली बांगडी काढून त्याच्या उजव्या बाजूला धरली. त्यानं पाहिलं. हात खांद्यातून वर आला, मूठ बांगडीला लागली, बांगडी हलली. आजीनं ती मागे घेतली नाही. डावा हात माझ्या हातात वळवळत होता. मीही सोडला नाही.