डोक्यामागची बाई

निमंत्रणपत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन' असं छापलेलं असे, पण तो शब्द पाहुण्यांसाठी. आमच्यासाठी ते गॅदरिंग. डिसेंबरच्या शेवटी तीन दिवस. खेळ, फिशपॉण्ड, पाहुण्यांचं भाषण, मुख्याध्यापकांचं अहवालवाचन (ते चालू असताना आम्ही मांडवाच्या झापांतून काड्या उपसत बसायचो), आणि तिसऱ्या रात्री विविध गुणदर्शन. बाकांवर फळ्या टाकून रंगमंच. पडदा म्हणजे कुणाच्या तरी घरच्या दोन चादरी, दोरीवर कड्या लावून. मला मात्र रंगमंचापेक्षा त्याच्या मागची खोली जास्त आठवते. एरवी तो आठवी ब चा वर्ग. त्या रात्री तिथे खोबरेल तेल, पावडर, घाम आणि कुणाच्या तरी आईच्या ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या यांचा एकत्र वास कोंडलेला असायचा.

१९८७ साली आम्ही आठवीत होतो. सिंधुदुर्गातलं गाव, त्यामुळे सोंग घेणं आम्हाला शिकवावं लागत नव्हतं. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावताराची नाटकं आम्ही पहाटेपर्यंत बघायचो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या तासाला झोपायचो. त्या वर्षी भूत करायचं ठरलं. कोणतं भूत यावर दोन दिवस वाद झाला, कारण आमच्याकडे निवडीला कमी नाही. मुंजा, समंध, खवीस, हडळ, चकवा. मी वेताळ सुचवला आणि घरी आजीच्या कानावर गेलं.

"वेतोबाचा सोंग? तो काय भूत आसा? राखणदार तो!"

तिचं बरोबर होतं. आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड वाहतात, हातभर लांब कातडी वहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात, म्हणून. अशा देवाला गॅदरिंगमध्ये नाचवणं बरं दिसलं नसतं. वेताळ बारगळला.

हडळ ठरली ती गोट्यामुळे. गोट्या हे त्याचं नाव नव्हे. नोव्हेंबरात त्याच्या डोक्यात उवा झाल्या, घरातल्या दोन बहिणींना लागल्या, तेव्हा वडिलांनी वैतागून त्याला न्हाव्यापुढे बसवला आणि वस्तऱ्याने चकोट करून आणला. तेव्हापासून गोट्या. डिसेंबरात दर आठ दिवसांनी वडील परत वस्तरा फिरवून घेत, खबरदारी म्हणून. एकदा मधल्या सुट्टीत तो नळावर वाकून पाणी पीत होता, आणि मागून बघताना कुणीतरी म्हणालं, ह्याच्या डोक्यावर नाक-डोळे काढले तर पुढचा कुठला आणि मागचा कुठला ते कळायचं नाही. झालं. हडळीचे पाय उलटे असतात हे आम्हाला कधीपासून ठाऊक होतं, पण उलटे पाय करायचे कसे यावर सगळे अडत होते. पाय उलटे होत नाहीत, तर बाकीची बाई उलटी करू!

म्हणजे असं. गोट्या प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहणार. डोक्याच्या मागच्या बाजूला बाईचा चेहरा. लुगडं उलटं, निऱ्या पाठीमागे. पोलक्याचाही पुढचा भाग पाठीवर. खऱ्या तोंडावर केस सोडलेले, म्हणजे ती बाईची पाठ. प्रेक्षकांना दिसणार समोर बघणारी बाई, आणि तिची पावलं मात्र मागे वळलेली. कान तेवढे दोन्ही तोंडांना सामाईक.

हातांचा प्रश्न होता. माणसाचे हात मागे वाकत नाहीत. तो पी.टी.च्या तासाने सोडवला. 'विश्राम' म्हटलं की आम्ही हात पाठीमागे बांधतो, तसे गोट्याने बांधले आणि त्यात एक गाठोडं दिलं. समोरून पाहिलं तर बाई पोटाशी गाठोडं धरून उभी.

केस काथ्याचे. नारळाचा काथ्या विंचरून, शाईची पूड कालवलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून वाळवला. काळा नाही झाला, पण मेलेल्या उंदरासारखा एक रंग आला, तो आम्हाला जास्तच आवडला.

आता रंग. आम्हाला अर्थातच रक्त हवं होतं. तोंडातून ओघळणारं, भरपूर. कुंकू महाग, आणि आई देईना. घरात फुकट लाल काय, तर कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस. भाताच्या पेजेत आगळ घालून चुलीवर आटवलं, तर असं काही सुंदर दाट रक्त झालं की मी स्वतः एक बोट चाटून पाहिलं. पावडर आणि खोबरेल तेलाचा पांढरा चेहरा, काजळाचे काळे खड्डे, वर हे रक्त. रंगीत तालमीच्या आधीच्या रविवारी गोट्याच्या परसात, विहिरीजवळ, मी ते पहिल्यांदा लावलं. त्याच्या आदल्याच दिवशी वस्तरा फिरला होता. डोक्यावर बारीक बारीक चिरा होत्या, त्या दोघांच्याही लक्षात नव्हत्या. आगळ म्हणजे मीठ आणि आंबट. गोट्या एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या माडावरचे कावळे उडाले.

त्या आरड्यानेच आबा कुंपणाशी आले.

आबा गोट्याचे शेजारी. तरुणपणी दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जाण्याच्या काळातले. आमच्या वेळी सत्तरी उलटलेली, अंगात बनियन, कमरेला पंचा, आणि चालताना अजून पदर सावरल्यासारखा डावा हात खांद्याशी जायचा. त्यांनी गोट्याला मागून पाहिलं, पुढून पाहिलं.

"ह्यां काय रे, झिलांनो?"

सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, आधी धू. साबण लावला तर आगळाचं लाल होतं ते निळसर काळपट झालं आणि आम्ही दोघे घाबरलो. आबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मग ते कट्ट्यावर बसले आणि जे बोलले ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं: "भुताक कोण घाबरणा नाय. बायलमाणूस रंगव. बरी देखणी रंगव. आणि एकच गोष्ट चुकव."

ती एक गोष्ट म्हणजे पाय.

पुढचे चार दिवस संध्याकाळी आम्ही आबांच्या ओटीवर. दशावतारात रंगपटाला वेगळा माणूस नसतो, जो तो आपापलं तोंड रंगवतो. त्यामुळे आबांना सगळं यायचं आणि ते सगळं हातात होतं, सांगता येत नव्हतं. विचारलं की "बघ" म्हणायचे. तेल आधी, तेही चोपडायचं नाही, बोटांनी जिरवायचं आणि वरचं पुसून घ्यायचं. नाहीतर रंग घामाबरोबर उतरतो, आणि तेलच नसेल तर तडकतो आणि निघता निघत नाही. नुसता पांढरा लावला की तोंड राखेसारखं दिसतं, त्यात पिवळ्याची चिमूट आणि लालाचं बोट हवं. डोळा आहे त्यापेक्षा मोठा काढायचा, पण रेघ कोपऱ्यात मिटवायची नाही, उघडी सोडायची. पापणी काढायची नाही. पावडर शेवटी, फडक्याने दाबून, घासून नाही. आणि दर दोन बोटांनंतर उठून अंगणाच्या टोकाला जायचं. "लांबसून बघ. नाटक बघणारो काय तुझ्या मांडयेर बसणा नाय."

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत सफेदा होता, पिवडी होती, एका चपट्या डबीत हिंगूळ होता. हिंगुळाला आम्हाला हात लावू दिला नाही. मला वाटलं महाग असेल. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या काळची माणसं रात्रीच्या रात्री असली द्रव्यं तोंडाला लावून नाचली. आबांना ते ठाऊक होतं की नुसता वडीलधाऱ्यांचा नियम पाळत होते, विचारायचं राहिलं.

पिवडीला पर्याय म्हणून मी घरची हळद घेतली. काजळ मात्र आबांच्या घरचं, एरंडेल तेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं घालून धरलेलं, लोण्यात खललेलं. गालावरच्या लालीसाठी शेवटी आईकडून कुंकू मिळालं, 'आबा शिकवतायत' म्हटल्यावर. नाकाचं काय? डोक्याच्या मागच्या बाजूला नाक कुठून आणायचं? मी कणकेचं नाक करून लावलं, ते दोनदा पडलं. आबांनी काजळाच्या दोन फिकट सावल्या ओढल्या आणि त्यांच्या पेटीतली खोट्या मोत्यांची नथ डिंकाने मध्ये चिकटवली. नथ दिसली की बघणाऱ्याचा डोळा नाक आपणच लावून घेतो.

रंगीत तालमीला एक गंमत झाली. अंगणात संध्याकाळच्या उजेडात ओठ लालचुटुक होते, रंगमंचावरच्या ट्यूबलाइटखाली तेच ओठ विडी ओढणाऱ्यासारखे तपकिरी. आबांची निम्मी नाटकं गॅसबत्तीवर झालेली, ट्यूबलाइटला ते शिव्या द्यायचे. त्यांनी मोजून दुप्पट कुंकू लावायला सांगितलं. जवळून बघवत नव्हतं, लांबून बरोबर.

दुसरी अडचण चालण्याची. बाई पुढे यायची तर गोट्याला मागे चालायचं, तोंडावर काथ्या, आणि रंगमंच बाकांचा. मी ताडपत्रीखाली एक सुंभ सरळ रेषेत अंथरून दोन्ही टोकांना खिळ्याने ठोकला. टाचेला सुंभ लागतोय तोवर तू फळीवर आहेस, गाठ लागली की थांब. गोट्या अनवाणी होता, हडळ अनवाणीच असते, त्यामुळे जमलं.

एका सरांनी हरकत घेतली की हे अंधश्रद्धा पसरवणं आहे. मुख्याध्यापकांनी तोड काढली. शेवटी केस बाजूला करून 'मी आठवीचा विद्यार्थी' असं दाखवायचं. आम्ही मुकाट्याने मान हलवली.

त्या रात्री आमचा नंबर अकरावा होता, शेतकरी नृत्यानंतर. प्रसंग दोन मिनिटांचा. वाट चुकलेला पाहुणा (मी, डोक्याला मफलर, हातात बॅटरी) एका बाईला विचारतो, बाय गे, गावाची वाट खंयची? बाई बोलत नाही. नुसती एक एक पाऊल जवळ येते. गोट्या येत होता, आणि मला फक्त त्याच्या टाचा जपून सुंभ चाचपताना दिसत होत्या. प्रेक्षकांत थोडं हसू होतं, बाई छान दिसतेय वगैरे. आईचं हिरवं लुगडं, नथ, कानात डूल. मग मी ठरल्याप्रमाणे बॅटरी हळूहळू खाली आणली. निऱ्यांवरून, काठावर, पायांवर.

आधी एक क्षण काहीच नाही. मग बायकांच्या बाजूने एक आवाज आला, "गे बाय माझे! पाय बघ तिचे! उलटे आसत!"

मांडवाच्या त्या बाजूच्या पहिल्या दोन ओळींतली लहान मुलं उठून पळाली. आणि नेमकं तेव्हाच तेलाने डिंक सुटला. नथ हलली आणि अगदी सावकाश, बाईच्या गालावरून खाली उतरायला लागली. नाकच घसरतंय असं दिसत होतं. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. माझ्या तोंडून खरोखरची किंकाळी गेली, आणि ती नाटकातली समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गोट्याने अटीप्रमाणे वळून तोंडावरचा काथ्या वर केला, आणि आतून घामाने भिजलेलं, शाईचे ओघळ उतरलेलं त्याचं खरं तोंड बाहेर आलं. रडणारी मुलं त्याला पाहून जास्त रडली. ते अंधश्रद्धावाले सर कपाळाला हात लावून बसले होते.

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं, स्टीलची एक वाटी, दोघांत मिळून. पहिला नंबर कुणीतरी शिवाजी महाराज झालेल्याला. शिवाजी महाराजांपुढे हडळीला पहिला नंबर कोण देणार. वाटी गोट्याकडे राहिली, कारण डोकं त्याचं.

रात्री विहिरीवर तोंड, म्हणजे दोन्ही तोंडं, धुवायला गेलो. कंदिलाच्या उजेडात मी त्याच्या डोक्याला साबण लावला, आणि फेस लाल झाला. गोट्याची आजी मागे उभी होती. तिला वाटलं डोकं फुटलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे तिने आयुष्यभर लुगड्यावरच्या डागांत पाहिलं असेल, पण नातवाच्या डोक्यावर पाहिलं नव्हतं. तिने तिथेच मीठ-मोहऱ्या आणून दृष्ट काढली. पुढच्या आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी दर्शकाचा, म्हणजे आम्ल की अल्क ते रंग बदलून दाखवणाऱ्या पदार्थांचा, धडा घेतला, तेव्हा उदाहरणाला वर्गात गोट्याच उभा होता. आम्लात लाल आणि साबणात निळसर होणारं कोकम, साबणात लाल होणारी हळद. दोन्ही त्याने डोक्यावर सोसलेलं.

आता पुण्यात आमच्या सोसायटीत मुलं ऑक्टोबरात भुतं होतात. मुखवटे घरपोच येतात, रक्त ट्यूबमध्ये मिळतं आणि ते चवीला पुदिन्याचं असतं. चांगलं आहे, झोंबत नाही.

हळद निघाली नाही पूर्ण. काजळही वस्तऱ्याच्या खुंटांत बसलं होतं. सोमवारी प्रार्थनेला आम्ही उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो, गोट्या माझ्या पुढे. "डोळे मिटा," सर म्हणाले. मी मिटले, आणि पहिलं कडवं संपायच्या आत उघडले. सगळ्या मैदानावर चारशे मुलं डोळे मिटून उभी होती, आणि हातभर अंतरावरून ते दोन फिकट, पापण्या नसलेले डोळे माझ्याकडे बघत होते.