कॅम्पात तंबू कुठे आहेत?

कॅम्प हा शब्द आला कुठून, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी बेळगावात इंग्लिशच्या शिकवण्या घेते, आमच्या छावणीच्या भागाला सगळे कॅम्प म्हणतात, आणि पत्ता सांगताना 'कॅम्पात या' म्हटलं की बाहेरगावच्या पालकांचा प्रश्न ठरलेला, मॅडम कॅम्प म्हणजे तंबू ना, मग इथं तर बंगले, चर्च, मासळी बाजार, सेंट पॉल्स शाळा सगळं पक्कंच दिसतंय की.

तर तंबू नंतरचे, आधी होतं मैदान. लॅटिनमध्ये कॅम्पस म्हणजे सपाट मोकळी जमीन. जुन्या रोममध्ये तटाबाहेर टायबर नदीकाठी असं एक मोठं मैदान होतं, कॅम्पस मार्शियस, मार्स या युद्धदेवाच्या नावाचं, तिथं फौजेची कवायत चालायची आणि निवडणुकासुद्धा तिथंच व्हायच्या. पुढे फौज जिथं उतरते ती जागा असा अर्थ झाला आणि फ्रेंचमधून हा शब्द सोळाव्या शतकात इंग्लिशमध्ये आला. कॉलेजचं कॅम्पसही तेच, अमेरिकेत प्रिन्स्टनला 1774 मध्ये कॉलेजच्या आवाराला पहिल्यांदा तसं म्हटल्याची नोंद सापडते.

मला मात्र सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट, मुलांना मी ती नेहमी सांगते. कॅम्प हा शब्द सोळाव्या शतकाच्या कितीतरी आधी इंग्लिशमध्ये एकदा येऊन गेला होता! जर्मन टोळ्यांनी तो रोमनांकडून उचलला आणि मैदानाचं नाव मैदानात जे व्हायचं त्याला दिलं, म्हणजे लढाईला. याच टोळ्यांच्या बोलीतून इंग्लिश घडली, म्हणून जुन्या इंग्लिशमध्ये कॅम्प म्हणजे चक्क लढाई, जर्मनमध्ये काम्फ अजून आहे, इंग्लिशमधला तो अर्थ मात्र पुसला गेला. चॅम्पियन पण याच घरातला, मैदानात उतरून लढणारा तो चॅम्पियन. आणि कॅम्पेन म्हणजे मुळात उघडं रान, हिवाळा संपला की फौजा छावणी सोडून रानात उतरायच्या, ती मोहीम म्हणजे कॅम्पेन, आता निवडणुकीत गल्लोगल्ली रिक्षा फिरते तेही कॅम्पेनच.

बेळगावचा किल्ला 1818 ला इंग्रजांनी घेतला, मग फौज इथंच राहिली आणि छावणी वसली. तिचं सरकारी नाव कॅन्टोन्मेंट, पण एवढं लांबलचक कोण म्हणणार, सगळे कॅम्पच म्हणतात. आता इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे. पहाटे रिक्रूट पोरं रांगेनं पळताना दिसतात, घामानं बनियन पाठीला चिकटलेलं, बुटांचा एकच ताल, तेव्हा मला खरंच वाटतं की शब्दाचा जुना फौजी अर्थ आपल्या गावात रोज जिवंत असतो, आणि ते पोरांना दाखवता येतं याचा मला फार आनंद आहे.

बाकी डोळे तपासणीचा कॅम्प, एनसीसीचा कॅम्प हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण सरकारी ऑफिसातला कॅम्प पोरांना कळत नाही. साहेब दौऱ्यावर असले की शिपाई सांगतो, साहेब कॅम्पला गेलेत, आणि तिथून काढलेल्या पत्रावर कोपऱ्यात 'कॅम्प : खानापूर' असं टाइप केलेलं असतं. हे इंग्रज कलेक्टरांच्या वेळचं, ते थंडीत गावोगाव फिरायचे, मुक्काम तंबूत, कचेरी पण तंबूतच भरायची. आता साहेब आयबीत, म्हणजे सरकारी इन्स्पेक्शन बंगल्यात उतरतात.