तंबोरा लावून आणला

परवा आईचा तंबोरा सतारमेकर गल्लीत नेला. रिक्षात भोपळा मांडीवर आणि दांडी बाहेर, अशी अर्धी मिरज ओलांडली. निमित्त झालं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं.

काकांनी तिथे एक फॉरवर्ड टाकला होता. 'त्यांच्या'कडून काही घेऊ नका, आणि खाली यादी: फळवाले, न्हावी, पंक्चरवाले. तिघांनी हात जोडले, बाकीच्यांनी नुसतं वाचलं, मीसुद्धा. यादीत तंबोरेवाले नाहीत, हे मात्र पटकन लक्षात आलं. काका स्वतः गातात. मीरासाहेबांच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने दर्ग्यात चिंचेखाली गाणं होतं, तेव्हा पुढच्या रांगेत तेच असतात. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबरही तिथेच आहे. त्याच उरसात मानाचा पहिला गलेफ, म्हणजे दर्ग्यात चढवायची चादर, चर्मकार समाजाचा. असल्या गावात राहून याद्या करायच्या म्हणजे कमालच.

पण काकांवर तोंडसुख घेण्याआधी आमच्या दाराचं सांगते.

सप्टेंबर २००९. गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल पेटली, गावात संचारबंदी लागली. आईचा तंबोरा तेव्हा सतारमेकर गल्लीतल्या आमच्या तंबोरेवाल्या चाचांच्या दुकानात होता, जवारी काढायला, म्हणजे तारांची गुंज नीट करून घ्यायला दिलेला. आई दिवसातून चारदा म्हणायची, "दुकान जाळलं तर गं?" तिला चिंता तंबोऱ्याची. चाचांचं काय होईल हे आमच्या घरात कुणी बोललं नाही, मीही नाही.

संचारबंदी थोडी सैल झाली त्या दिवशी दारावर थाप. चाचा. गोधडीत गुंडाळलेला तंबोरा खांद्यावर घेऊन, मागच्या बोळाबोळाने चालत आलेले. दगडफेक सुरू झाली तेव्हा त्यांनी दुकानातली गिऱ्हाइकांची वाद्यं आधी घरी हलवली होती. "लोकांची वस्तू हाय," एवढंच म्हणाले. बाबांनी तंबोरा घेतला, पैसे दिले आणि दार लावलं. आत या म्हणाले नाहीत. पाणीही विचारलं नाही. एरवी त्यांच्यासाठी चहा ठरलेला असायचा. मी बाबांच्या मागेच उभी होते.

परवा चाचांनी मला ओळखलं, पण त्याआधी तंबोरा ओळखला. तारा गंजलेल्या, खुंट्या अडकलेल्या. "वाजवत न्हाईस व्हय गं?" आई गेल्यापासून नाही, म्हटलं. त्यांनी तारा उतरवल्या, खुंट्यांना खडू लावला, मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायला घेतली. दोनचार हात फिरवायचे, फुंकर मारायची, तार चढवून ऐकायची, मान हलवायची, पुन्हा उतरवायची. तास गेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याबद्दल मी काहीतरी कौतुकाचं बोलले. "पोरं बसत न्हाईत पण या कामाला," म्हणाले आणि कानस उचलली.

शेवटी सूत. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवत नेला. तार आधी बोथट बोलत होती, मग जरा चिरकली. आणखी केसभर सरकवला आणि एकदम ती उघडली. गुंजन दुकानभर पसरलं. चाचांनी बोट उचललं तरी ती बोलतच राहिली.

तेव्हा मी म्हटलं, "चाचा, त्या वेळी तुम्हाला दारातूनच पाठवलं आम्ही."

ते सूत कापत होते. "दिवसच तसले होते," म्हणाले. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, आणि मीही ते वदवून घेतलं नाही. पोराला हाक मारून चहा मागवला, दोन.

घरी येऊन तंबोरा लावला. एक मिनिटाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं, नेमकं त्या फॉरवर्डला रिप्लाय म्हणून. खाली चाचांचं नाव, 'यांनी जवारी काढून दिली', आणि दुकानाचा पत्ता. टाकताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू. एका बहिणीने चाचांचा फोन नंबर मागितला. काकांच्या निळ्या टिका आल्या आणि मग रात्रभर काही नाही.

सकाळी त्यांचा मेसेज होता: "पंचम किंचित उतरलाय."

कान लावून ऐकलं. खरंच उतरला होता. चढवून घेतला.