आर्वी रोडवरची कार्यशाळा: आमची वाटचाल

आमच्या वर्धा भागात शिकलेल्या पोरांची कमी नाही. कोणी आयटीआय झालेलं, कोणी बीए, कॉम्प्युटरचा कोर्स केलेलं तर घराआड एक सापडतं. पोलीस भरती निघाली की पहाटे आर्वी रोडवर धावणाऱ्यांची रांग लागते. भरती आटोपली की त्यातली बरीचशी पुन्हा पानठेल्यावर दिसतात. ज्यांना जमतं ती चाकण-रांजणगावला कंत्राटी कामावर जातात, आणि इकडे म्हातारे आईबाप अन् पाच एकर कोरडवाहू.

आमचा धंदा वेल्डिंगचा. ग्रील, गेट, टिनाचं शेड, वखराची पास, हीच कामं वडिलांनी केली, पुढे मी केली. लेझरकडे (प्रकाशाच्या झोताने कापणारं मशीन) आणि थ्रीडी प्रिंटरकडे (वितळलेल्या प्लास्टिकचे थर चढवून वस्तू बनवणारं मशीन) वळलो ते पाबळ पाहून आल्यावर. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननी कोणालाही वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळेची, कल्पना मांडली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक 2002 मध्ये तिथे उभी राहिली. शाळा सुटलेली पोरं स्वतः सर्किट बनवत होती, शेतीची अवजारं जोडत होती. हे आपल्याकडे का नको, हा विचार तिथून घेऊनच परतलो.

कर्ज काढून एक लेझर कटर घेतला, मग थ्रीडी प्रिंटर, नंतर लाकूड कापायचं, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी राउटर. मशीन विकणारा दोन दिवसांत चालवायला शिकवून जातो. पण पोरं तयार होतात ती मापाने, म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्याच्या हातात आधी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर देतो, माउस नंतर. लेझरची रेघसुद्धा मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा खाऊन टाकते. तेवढं हिशोबात धरलं नाही तर खाच ढिली बसते आणि खोका हलतो.

एक काम सविस्तर सांगतो. मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि खरांगण्याकडचे एक काका पेरणी यंत्राची तुटलेली चकती घेऊन आले. डब्यातून एकेक दाणा उचलून खाली सोडते ती ही चकती. दुकानात ती मिळत नव्हती, नागपूरहून यायला वेळ लागणार होता. "उद्या पेरलं नाही त वल जाते ना बाप्पा, आजच्या आज होईन का?" एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्याकडच्या एका पोरीने दोन्ही तुकडे जोडून मापं घेतली आणि काकांच्या थैलीतलं सोयाबीन टेबलावर ओतून दाण्यांची मापं घ्यायला बसली. काका वैतागले, पण तिचं बरोबर होतं. खाच दाण्यापेक्षा जेमतेम मोठी हवी. अरुंद झाली तर दाणा फुटतो, सैल झाली तर दोन-दोन पडतात आणि महागाचं बियाणं वाया जातं. रात्रभर प्रिंटर चालला. मधे लाइन गेली, ते इन्व्हर्टरवर निभावलं. सकाळी काका चकती घेऊन सरळ शेतात गेले.

ती चकती पीईटीजी नावाच्या प्लास्टिकची होती. पीएलए हे दुसरं प्लास्टिक स्वस्त आणि छापायला सोपं, पण साठेक अंशांना ते नरम पडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. शेतीच्या कामाला आम्ही पीएलए वापरतच नाही.

वर्षभराचं पोट मात्र लग्नसराई भरते. नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हं, गणपतीचे मखर. मराठी नाव कापायला फार छान, कारण शिरोरेषेमुळे अख्खं नाव एका तुकड्यात निघतं. फक्त अनुस्वार सुटून पडतो, त्याला कुठेतरी टेकू द्यावा लागतो. तो कुठे दिला तर डोळ्याला खुपणार नाही, हे इथली पोरं कोणत्याही शहरी डिझायनरपेक्षा चांगलं ओळखतात. एक नियम कडक आहे: सनबोर्ड (पाट्यांसाठीचा प्लास्टिकचा हलका बोर्ड) लेझरखाली घालायचा नाही. त्यातल्या पीव्हीसी प्लास्टिकमधून जळताना विषारी वायू निघतो. तो छातीत जातो आणि मशीनलाही गंज चढवतो. गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी पोरांनी नाही म्हणायचं, राउटरवर कापून द्यायचं.

प्रशिक्षण देऊन सर्टिफिकेट हातात ठेवणारे वर्ग मी बरेच पाहिले. फोटो निघतात, पोरं घरी जातात. माझं मत पक्कं आहे की शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून गिऱ्हाईक दिसलं पाहिजे आणि केलेल्या कामाचा पैसा त्याच्या हातात पडला पाहिजे. आमच्याकडे कामानुसार वाटा ठरतो. ज्याने डिझाइन केलं त्याला ते काम पुन्हा आलं तरी वाटा मिळतो.

वर्धा जिल्ह्यात यंत्राचा विषय निघाला की सेवाग्राम आठवतंच. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, असं पोरं ऐकून आलेली असतात. मी त्यांना 1929 ची गोष्ट सांगतो. गांधीजींच्याच चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, आणि तो खेड्यातल्या घरात हातापायाने चालवता आला पाहिजे ही त्यातली अट होती. यंत्र आपल्या घरात मावावं आणि आपल्या हाताने चालावं, हाच विचार आमच्या शेडमध्ये चालतो.

आमच्याकडे शिकलेल्या दोघांनी आता आपापल्या गावात लहान लेझर टाकलाय. मोठं काम आलं की ते आमच्याकडे पाठवतात, आमच्याकडे गर्दी झाली की आम्ही त्यांच्याकडे.

यंदाच्या पेरणीआधी चकत्यांचं काम लवकर धरणार आहोत. यंत्राचा भाग तुटला असेल तर फेकू नका, नुसता फोटोही पाठवू नका. दोन्ही तुकडे आणि मूठभर बियाणं घेऊन या.