दवाच्या माउलीकडे पायी

नदीच्या मध्यावर पाणी जेमतेम गुडघ्याला लागत होतं. स्पेनमधली ग्वादियामार नदी ओलांडायच्या या उताराला क्वेमा म्हणतात. पहिल्यांदाच वारीला आलेल्यांना इथे थांबवतात. शेजारच्या आजींनी आपली गवती टोपी नदीत बुडवली, ती माझ्या डोक्यावर रिकामी केली आणि मला वाटेवरचं नवं नाव दिलं: ‘पावसाच्या देशाची लेक’. मागे बैलगाड्या खोळंबल्या होत्या, बासरी आणि ढोलकं वाजत होतं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी नदीच्या पाण्यात मिसळून गेलं.

मी वसईची. नोकरीसाठी स्पेनमधल्या सेव्हिलला आले. लहानपणी आमच्याकडे नाताळ आणि ईस्टरची धामधूम असे. पेंटेकॉस्टचा रविवार मात्र गुपचूप येऊन जाई. फादरांचा लाल झगा दिसला की कळायचं, आज पवित्र आत्म्याचा सण. म्हणूनच, या सणासाठी लाखो माणसं अंदालुसियातल्या एल रोसीयो नावाच्या गावी, तिथल्या मारियामातेच्या दर्शनाला जातात, त्यातली कितीतरी पायी, हे आजींकडून ऐकलं तेव्हा राहवेना. 2024 साली पेंटेकॉस्ट 19 मेला होता. आजींच्या एर्मांदादबरोबर मी निघाले.

एर्मांदाद म्हणजे बंधुसंघ. आपल्याकडची दिंडीच म्हणा ना. प्रत्येक संघाचा मारियामातेचा एक जरीकामाचा ध्वज असतो, त्याला सिंपेकादो म्हणतात. चांदीने मढवलेल्या बैलगाडीत तो मानाने पुढे चालतो आणि माणसं त्याच्या मागे-पुढे. गळ्यात दोरीला ओवलेलं संघाचं पदक, अंगावर झालरींचे घागरे, पायांत जाड बूट. असे शंभराहून अधिक संघ चहूबाजूंनी त्या एका गावाकडे निघालेले असतात.

व्हियामान्रिके गावात चर्चच्या पायऱ्यांवर बैलांना गाडीसकट चढवतात. लोक टाळ्या वाजवत होते. मला त्या मुक्या जिवांची कीव आली, आणि तसं मी आजींना सांगितलंही. त्या काही बोलल्या नाहीत, पण उतरून आलेल्या बैलाच्या मानेवरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या.

पुढची वाट राया रेआलची, पाय घोट्यापर्यंत रुतवणाऱ्या वाळूची. उडणाऱ्या धुळीत पुढची गाडीसुद्धा दिसेना. रुमाल नाकाला बांधून पाइनच्या रानातून चालताना मला रोसीयो या शब्दाचा अर्थ खरा समजला. रोसीयो म्हणजे दव. इथल्या मातेचं जुनं नाव ‘रोसिनासची मारिया’. 1653 साली जवळच्या अल्मोन्ते गावच्या लोकांनी तिला आपली आश्रयदाती मानलं आणि नाव केलं रोसीयो. हे दव पवित्र आत्म्याचंच. लॅटिन मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीच्या, एका मुख्य प्रार्थनेत फादर हेच मागतात: तुझ्या आत्म्याच्या दवाने ही दानं पवित्र कर. तिला ‘ब्लांका पालोमा’ही म्हणतात, म्हणजे शुभ्र कबुतर. यार्देन नदीत येशूवर आत्मा कबुतरासारखा उतरला, ते. प्रेषितांवर तो अग्नीच्या जिभांसारखा उतरला, हे मला शाळेपासून पाठ. पण मे महिन्यात त्या वाळूत चाललेल्या माणसाला विचारा, त्याला काय हवंय. तो दवच मागेल.

रात्री रानात मुक्काम पडला. सिंपेकादोच्या गाडीसमोर मेणबत्त्या लावून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली. दहा ‘नमो मरियां’च्या एका फेरीला आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे तू म्हण. तुझ्या भाषेत.” मी म्हटलं, कुणाला कळेल? त्या म्हणाल्या, “मातेला कळतं. आम्हाला आमचा वाटा ठाऊक आहे.” मी ‘नमो मरिया’ सुरू केलं. माझा आवाज कापत होता. माझा अर्धा भाग संपला त्या क्षणी, जराही न अडखळता, शेदीडशे माणसांनी स्पॅनिशमध्ये उरलेला अर्धा म्हटला. दहाच्या दहा वेळा. पहिल्या पेंटेकॉस्टला यरुशलेमात पार्थी, मेदी, एलामी अशा दूरदूरच्या लोकांपैकी जो तो आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्यं ऐकू लागला, हे मी कितीदा वाचलंय. त्या रात्री मी त्या घरात होते.

पहाटे उठले तर पांघरूण ओलं होतं.

आखोलीचा पूल ओलांडून शनिवारी आम्ही गावात शिरलो. रस्ते सगळे वाळूचेच. संघ एकेक करून मातेच्या दारी हजेरी लावतात, जुन्या संघांचा मान आधी. रविवारी उघड्यावर मोठा मिस्सा झाला. पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टरपासूनचा पन्नासावा दिवस. मुळात तो यहुद्यांचा सप्ताहांचा सण, गव्हाच्या कापणीचा. त्या दिवशी तीन हजारांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून ख्रिस्तसभेचा जन्मदिवसही तोच. आणि माडीवरच्या खोलीत आत्म्याची वाट पाहत बसलेल्यांत मारिया होती, म्हणून हा सण तिच्या दारी. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पेंटेकॉस्टनंतरचा सोमवार ‘ख्रिस्तसभेची माता’ म्हणून नेमून दिला. रोसीयोत तो सोमवार शतकानुशतकं तिचाच होता.

मध्यरात्र उलटल्यावर अल्मोन्तेचे तरुण वेदीसमोरच्या जाळीवरून उड्या टाकतात आणि मातेला खांद्यावर घेतात. ती रेटारेटी पाहून मला धसकाच बसला, मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सकाळी पालखी आमच्या संघाच्या घरासमोर आली. आमच्या फादरांना लोकांनी खांद्यावर उचललं, त्यांनी हात पसरून घसा फाटेपर्यंत मातेची प्रार्थना म्हटली. तान्ही बाळं डोक्यांवरून हातोहात पुढे जात होती, तिच्या झग्याला स्पर्श करून रडत परत येत होती. वांद्र्याच्या डोंगरावरच्या आमच्या मोत माउलीपुढे जे तोंडून निघतं तेच निघालं, “माउली गं!” शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला.

दुपारी आजींनी माझ्या पायांच्या फोडांना मलम लावलं, पट्टी बांधली. बैल जुंपून झाले होते. परतीला क्वेमा पुन्हा ओलांडायची होती.