शोधणाऱ्याच्या शब्दांत
सुरुवातीला मी संकेतस्थळावर मोघम लेख लिहीत असे. वाचक वाढले ते ‘सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करावी’ यासारख्या, लोक गूगलवर जसे विचारतात तशाच प्रश्नांना नेमके उत्तर देऊ लागल्यावर, कारण तलाठी कार्यालयात जाण्यापूर्वी कोणती कागदपत्रे लागतील हे माणसाला खरोखरच जाणून घ्यायचे असते. उत्पन्न मात्र सावकाश येते. संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गूगलच्या ‘अ‍ॅडसेन्स’ सेवेच्या खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. २०२४ पासून तेथील मोबदला क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर मिळू लागल्याने पान जाहिरातींनी भरण्याचा मोह वाढला आहे, पण मजकूर शोधताना वाचकाची दमछाक व्हावी हे मला मान्य नाही. शासनाचा नियम बदलला, की नवा लेख बाजूला ठेवून मी आधी जुना दुरुस्त करतो.